आनंदीबाईंचा फिलाडेल्फियातला हिवाळा

डिसेंबरात कशेळीत सूर्य सातच्या सुमारास उगवतो आणि संध्याकाळी सहापर्यंत खाडीवर उजेड असतो. दिवस साधारण अकरा तासांचा. जवळच्याच कल्याणमध्ये वाढलेल्या यमुनेला, म्हणजे पुढच्या डॉ. आनंदीबाई जोशींना, असाच हिवाळा ठाऊक होता. फिलाडेल्फियात त्या दिवसांत उजेड जेमतेम सव्वानऊ तास असतो आणि सूर्य भर दुपारीही कलताच राहतो.

1865 चा त्यांचा जन्म. नवव्या वर्षी पोस्टात नोकरी करणाऱ्या गोपाळरावांशी लग्न झालं. चौदाव्या वर्षी झालेला मुलगा दहा दिवसांत गेला आणि डॉक्टर व्हायचं तिथेच ठरलं. 1883 मध्ये, अठराव्या वर्षी, त्या पतीशिवाय अमेरिकेला निघाल्या. कार्पेंटरबाईंच्या घरी मावशीची माया मिळाली. पण कॉलेज फिलाडेल्फियात. अंगावर लुगडं, शाकाहार सोडायचा नाही, आणि खोलीतली शेकोटी धड पेटेना: एक तर धूर सोसायचा, नाहीतर गारठा. डोकेदुखी, ताप, थकवा सुरूच होता. तरी 11 मार्च 1886 ला त्या डॉक्टर झाल्या.

काळोख्या महिन्यांत दरवर्षी येणाऱ्या नैराश्याचं वर्णन अमेरिकेत डॉ. नॉर्मन रोझेंथाल यांनी 1984 मध्ये केलं. सकाळचा उजेड डोळ्यांत कमी गेला की शरीराचं घड्याळ मागे पडतं, असं मानलं जातं. झोप वाढते, गोडधोड खावंसं वाटतं, माणसं नकोशी होतात. आनंदीबाईंना हा विकार होता का, हे आज ठरवायला जाऊ नये. पत्रांवरून रोगनिदान करण्याची हौस आपल्याकडे जरा जास्तच आहे. त्यांना क्षय होता. त्याचा जंतू कॉखने 1882 मध्ये शोधला, पण औषध यायला अजून साठेक वर्षं होती.

आज आपल्याकडच्या कितीतरी घरांतली मुलं टोरांटो, डब्लिनला असतात. डिसेंबरात फोनवर मुलगी म्हणते, उठवत नाही गं आई. तेव्हा तिला आळशी म्हणू नका. उठल्यावर तासाभरात बाहेर चालायला जा, ढग असले तरी, असं सांगा. दहा हजार लक्सच्या दिव्यासमोर सकाळी अर्धा तास बसण्याचा बऱ्याच जणांना उपयोग होतो. डोळ्यांचा आजार किंवा बायपोलर असेल तर मात्र आधी डॉक्टरांना विचारावं. जगणं नकोसं वाटतंय असं ती म्हणाली, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठायला हवा. आणि ताप, खोकला, वजन उतरणं असेल तर थंडीवर किंवा मनावर ढकलू नका. तपासण्या करून घ्यायला सांगा.

आनंदीबाई 1886 च्या अखेरीस परतल्या. कोल्हापूरच्या रुग्णालयातली नेमणूक ठरलेली होती, पण तिथे रुजू होणं झालं नाही. 26 फेब्रुवारी 1887 ला पुण्यात त्या गेल्या, बाविसावं वर्षही पुरं झालं नव्हतं. त्यांच्या अस्थी कार्पेंटरबाईंकडे पाठवण्यात आल्या. न्यूयॉर्क राज्यातल्या पोकिप्सी इथे, कार्पेंटर कुटुंबाच्या दफनभूमीत, त्या आहेत.