शत्रूच्या छावणींत वाढलेले शाहूमहाराज

भिवंडी तालुक्यांत तानसा नदीच्या कांठीं अकलोली म्हणून गांव आहे. तेथील ऊन पाण्याच्या कुंडांत स्नान करावयास दूरदूरचे लोक येतात. जवळच वज्रेश्वरीचें मंदिर आहे, व त्यास एखाद्या किल्ल्याप्रमाणें तट आहे. चिमाजी आप्पांनीं पोर्तुगीजांकडून वसई घेतली त्या विजयाची ही खूण होय, असें त्या बाजूचीं लहान पोरेंही सांगतात. वसई १७३९ सालच्या मे महिन्यांत पडली. दोन वर्षांच्या त्या लढाईंत दोन्ही पक्षांचीं पुष्कळ माणसें मेलीं. तरी शेवटीं जो तह झाला त्यांत किल्ल्यांतील शिबंदीस मानानें बाहेर पडूं दिलें, आणि मागें राहणाऱ्या ख्रिस्ती लोकांस आपला धर्म पाळण्याची मोकळीक दिली.

पेशव्यांचें नांव सर्वांच्या तोंडीं आहे. परंतु ज्या राजाच्या नांवानें ही लढाई झाली ते साताऱ्याचे शाहूमहाराज कसे वाढले, व शत्रूविषयीं त्यांचें मन कसें होतें, हें आमच्या मंडळ्यांतील थोड्यांसच ठाऊक असेल. (कोल्हापूरचे शाहूमहाराज, जे १९२२ सालीं वारले, ते निराळे.) म्हणून त्यांचें चरित्र येथें देतों.

शाहूंचा जन्म १६८२ सालच्या मे महिन्यांत माणगांवाजवळ गांगवली येथें झाला. ते शिवाजीमहाराजांचे नातू, संभाजीमहाराज व येसूबाई यांचे पुत्र. ते सात वर्षांचेही झाले नव्हते तोंच त्यांच्या वडिलांस मोगलांनीं संगमेश्वर येथें पकडिलें, व १६८९ सालच्या मार्च महिन्यांत औरंगजेब बादशहाच्या हुकुमानें त्यांस हालहाल करून मारिलें. त्याच वर्षीं नोव्हेंबरांत रायगड पडला. येसूबाई मुलास घेऊन शत्रूच्या हातीं सांपडली. त्या दिवसापासून सुमारें साडेसतरा वर्षें हा राजपुत्र बादशाही छावणीबरोबर फिरत राहिला. ती छावणी म्हणजे एक चालतें शहरच होतें. आज या किल्ल्याखालीं, उद्यां त्या नदीच्या कांठीं, आणि लढाई कोणाशीं, तर ह्या मुलाच्या आप्तांशीं!

अशा ठिकाणीं मूल द्वेषांत वाढावें यांत नवल नाहीं. पण तेथें देवानें एक निराळीच व्यवस्था केली होती. बादशहाची झीनतुन्निसा नांवाची एक अविवाहित कन्या होती. तिनें या मायलेंकरांस आपल्या आश्रयास घेतलें व शाहूंवर पोटच्या मुलाप्रमाणें माया केली. ज्यानें बापाचा घात केला त्याच्याच मुलीनें त्या बापाच्या मुलास जपलें. फारोच्या कन्येनें नदीवर सांपडलेल्या इब्री मुलास वाढविलें, ती गोष्ट आमच्या शब्बाथशाळेंतील मुलेंही जाणतात. या देशांतही तसें घडलें आहे, हें त्यांस सांगावें.

तथापि ती कैदच होती. १७०३ सालीं शाहूंनीं मुसलमान व्हावें असा बादशहानें आग्रह धरिला. शाहू कबूल होत ना. बेगमेनें रदबदली केली, आणि शेवटीं सरसेनापति प्रतापराव गुजर यांचे पुत्र खंडेराव व जगजीवन यांनीं धन्याच्या ऐवजीं तो धर्म स्वीकारिला, तेव्हां प्रसंग टळला. दुसऱ्यासाठीं आपलें सर्वस्व देणारे ते दोघे बंधु फारसे कोणास आठवत नाहींत. आम्हां ख्रिस्ती लोकांवर धर्म लादल्याचा आरोप वेळोवेळीं येतो. तेव्हां जुलमानें घेतलेला धर्म घेणाऱ्याच्या अंतःकरणास कसा चिरतो, हें आम्हीं या बंधूंच्या ठायीं पाहून ठेवावें हें बरें.

१७०७ सालच्या मार्चांत बादशहा अहमदनगराजवळ (त्या शहरास आतां अहिल्यानगर म्हणतात) मरण पावला. त्याचा पुत्र आजमशहा गादीसाठीं उत्तरेकडे निघाला, त्यानें वाटेंत शाहूंस सोडून दिलें. मराठ्यांत दोन राजे झाले म्हणजे ते आपसांत लढतील, हा त्यांत डाव होता. येसूबाईस मात्र ओलीस ठेविलें. शाहू दक्षिणेकडे वळले तेव्हां पंचवीस वर्षांचे होते.

घरीं परततांना त्यांनीं पहिल्या कांहीं गोष्टी केल्या, त्यांत एक ही कीं, खुलताबाद येथें जाऊन त्यांनीं औरंगजेबाच्या कबरीचें दर्शन घेतलें. ती कबर फार साधी आहे. बापाच्या मारेकऱ्याच्या कबरीपुढें हा मुलगा उभा राहिला, हें ऐकून त्या काळींही पुष्कळांस चीड आली असेल. आई शत्रूच्या हातीं आहे, म्हणून मोगलांस दुखवूं नये एवढाच त्यांत हेतु होता, असें कोणी म्हणतील. त्यांत कांहीं तथ्यही असेल. परंतु शाहूंचें पुढील सारें आयुष्य पाहिलें म्हणजे एवढ्यानेंच उलगडा होत नाहीं. पुढें त्यांची सत्ता वाढली, दिल्लीची क्षीण झाली, तरी बादशहाचें तख्त मोडूं नये, हें धोरण त्यांनीं शेवटपर्यंत सोडिलें नाहीं.

त्याच प्रवासांत दुसरी गोष्ट घडली, ती मला अधिक मोठी वाटते. पारद नांवाच्या गांवीं तेथील लोखंडे पाटलानें त्यांची वाट अडविली. लढाई झाली व पाटील मारला गेला. तेव्हां त्याची विधवा आपलें लहान मूल घेऊन आली व तिनें तें शाहूंच्या पुढें ठेविलें. शाहूंच्या स्वतःच्या बापास मारिलें तेव्हां तेही बाळच होते, हें त्या क्षणीं त्यांस आठवलें नसेल काय? त्यांनीं तें मूल उचललें, विजयावरून त्याचें नांव फत्तेसिंह ठेविलें, त्यास भोसले हें आपलें आडनांव दिलें, आणि पुत्राप्रमाणें वाढविलें.

परकी शत्रूस क्षमा करणें एक, आणि भाऊबंदास करणें दुसरें. शाहू परतले तेव्हां त्यांची चुलती ताराबाई राज्य चालवीत होती. तिच्या बाजूनेंही बोललें पाहिजे. पति राजाराममहाराज १७०० सालीं वारल्यावर या बाईनें सात वर्षें बादशहाशीं झुंज दिली होती. राज्य राखलें तें आम्हीं, मग हा शत्रूच्या घरीं वाढलेला पुतण्या कोण, असें तिला वाटलें. तिनें त्यांस तोतया ठरविलें. १७०७ च्या ऑक्टोबरांत भीमेवरील खेड येथें लढाई होऊन शाहू जिंकले, आणि १७०८ च्या जानेवारींत साताऱ्यास त्यांनीं राज्याभिषेक करविला. ताराबाई पन्हाळ्यास गेली. एका घराचीं दोन घरें झालीं. पुढें १७१४ सालीं तिची सवत राजसबाई हिनें तिला व तिच्या मुलास कैदेंत टाकून आपला मुलगा संभाजी यास कोल्हापूरच्या गादीवर बसविलें.

इकडे बाळाजी विश्वनाथ पेशव्यांनीं दिल्लीस जाऊन १७१९ सालीं येसूबाईस सोडवून आणिलें. मायलेंकरांची ताटातूट होऊन बारा वर्षें झालीं होतीं, व त्या माउलीच्या कैदेस तीस. ती तरुण स्त्री म्हणून रायगड उतरली होती; साताऱ्यास आली ती म्हातारी.

कोल्हापूरच्या संभाजीनें निजामाशीं हातमिळवणी करून चुलत भावावर शस्त्र धरिलें. १७२८ सालीं पालखेड येथें बाजीरावानें निजामास कोंडिलें, तेव्हां तो आधार तुटला. १७३० सालीं वारणेजवळ संभाजीचा पराभव झाला व ताराबाई, राजसबाई आणि संभाजीची राणी जिजाबाई शाहूंच्या माणसांच्या हातीं लागल्या. शाहूंनीं त्यांचा वडीलधाऱ्यांप्रमाणें मान ठेविला. राजसबाई व जिजाबाई यांस सन्मानानें परत पाठविलें. ताराबाईनें मात्र परत जावयाचें नाकारिलें. ज्या पुतण्याला तिनें तोतया म्हटलें होतें, त्याच्याच आश्रयास ती साताऱ्यास राहिली!

१७३१ च्या फेब्रुवारींत कऱ्हाडाजवळ जखिणवाडी येथें दोघे बंधु भेटले. पाहावयास लोकांची अलोट गर्दी झाली होती. याकोबास भेटावयास एसाव चारशें माणसें घेऊन आला, तेव्हां याकोबाचे पाय कसे लटपटले असतील, तशीच त्या दिवशीं संभाजीची स्थिति असावी. पण थोरल्यानें धाकट्यास पोटाशीं धरिलें. मग एप्रिलांत वारणेचा तह झाला. नदीच्या दक्षिणेचा मुलूख कोल्हापूरचा ठरला व कोणतें ठाणें कोणाचें हें लिहून ठेविलें. येथें आमच्या खेड्यांतील मंडळींनीं थांबून पाहावें. आमच्याकडे नाताळांत भाऊ भाऊ गळां पडतात आणि पाऊस पडला कीं बांधावरून पुन्हां भांडतात, कारण गळां पडण्यापूर्वीं व नंतरही बांध कोणीं मोजलेलाच नसतो. पंच व उपदेशक यांनीं प्रार्थना करून उठतांना दोरी घेऊनच उठावें. जखिणवाडीच्या भेटीनंतर तह झाला म्हणूनच ती भेट टिकली. शाहू असेपर्यंत त्या दोन घरांत पुन्हां लढाई झाली नाहीं.

शाहूंच्या अंगीं दोषही होते. त्यांस शिकारीचा व ऐषआरामाचा नाद असे, आणि राज्याचा भार त्यांनीं हळूहळू पेशव्यांवर सोडिला. वाघापासून जीव वांचविणाऱ्या कुत्र्यास त्यांनीं दरबारी पोशाख चढविला म्हणून लोक हंसत. पण उपकार न विसरण्याचा त्यांचा स्वभावच होता, मग तो उपकार बेगमेचा असो कीं कुत्र्याचा.

त्यांस मुलगा उरला नाहीं. म्हातारपणीं ताराबाईनें सांगितलें कीं, आपला एक नातू लपवून ठेविलेला आहे. शाहूंनीं तिच्या शब्दावर विश्वास ठेविला, व रामराजास गादी द्यावी असें ठरविलें. १५ डिसेंबर १७४९ रोजीं ते साताऱ्यास निवर्तले. वर्षही पुरें झालें नाहीं तोंच ताराबाईनें त्या रामराजास किल्ल्यावर कैद केलें, आणि हा माझा नातूच नव्हे असें जाहीर केलें. एवढ्या क्षमेनंतरही त्या बाईच्या मनांतील जुनी आग विझली नव्हती; क्षमा करणारा आपलें कर्तव्य करितो, पण दुसऱ्याचें मन त्याच्या मुठींत नसतें. ती १७६१ सालीं वारली.

पारदच्या पाटलाचा मुलगा फत्तेसिंह त्यापूर्वीं एक वर्ष मरण पावला होता. शाहूंनीं त्यास अक्कलकोटची जहागीर दिली होती. ती गादी १९४८ सालीं संस्थान विलीन होईपर्यंत भोसले या नांवानेंच चालली.