संत झान ज्युगाँ : आपली खाट देणारी बाई

३० ऑगस्टला ख्रिस्तसभा संत झान ज्युगाँ हिचा सण साजरा करते. ११ ऑक्टोबर २००९ रोजी पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी तिला संतपद बहाल केले. त्याच दिवशी कुष्ठरुग्णांचे सेवक फादर डेमियन हेही संत म्हणून जाहीर झाले. फादर डेमियन यांची कथा आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक आहे. झानची मात्र फारशी कोणी सांगत नाही. तिला याचे काही वाटले नसते, कारण मागे राहण्याची सवय तिला जिवंतपणीच झाली होती.

फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांतात काँकाल नावाचे मच्छीमारांचे गाव आहे. तेथे २५ ऑक्टोबर १७९२ रोजी तिचा जन्म झाला. आठ भावंडांत ती सहावी. ती चार वर्षांचीही नव्हती तेव्हा वडील मासेमारीला गेले ते परत आलेच नाहीत. फ्रेंच राज्यक्रांतीचे ते दिवस होते. धर्मगुरूंना लपून राहावे लागत होते. आईने मोलमजुरी करून मुलांना वाढवले आणि प्रार्थना व धर्मशिक्षणही तिनेच दिले. मोठी झाल्यावर झान एका श्रीमंत घरी स्वयंपाकघरात कामाला लागली. घरची मालकीण गरिबांना आणि आजाऱ्यांना भेटायला जाताना तिला बरोबर नेत असे. एका खलाशाने लग्नाची मागणी घातली, ती तिने नाकारली. पंचविसाव्या वर्षी ती सें-सर्व्हां या गावी गेली. तेथे सहा वर्षे इस्पितळात रुग्णसेवा आणि पुढे बारा वर्षे एका बाईंच्या घरी सोबत व चाकरी, असे तिचे आयुष्य गेले. १८३५ साली त्या बाई वारल्या.

आता झानचे वय चाळिशीच्या पुढे होते. घर नाही, संसार नाही. १८३७ साली एका वृद्ध मैत्रिणीबरोबर तिने भाड्याने लहानशी जागा घेतली. एक अनाथ मुलगीही त्यांच्यात येऊन राहिली. शिवणकाम, धुणी-भांडी करून तिघींचे भागत होते.

१८३९ च्या हिवाळ्यात झानला एका म्हातारीची खबर लागली. तिचे नाव ॲन शोव्हॅं. ती आंधळी होती, शरीर अर्धे लुळे पडलेले होते आणि बघणारे कोणी नव्हते. झानने तिला उचलून आपल्या घरी आणले आणि स्वतःच्या खाटेवर निजवले. दुसरी खाट नव्हती. झान स्वतः माळ्यावर जाऊन झोपली.

एवढ्यातच त्या घराची सगळी रीत आली. आज वृद्धाश्रम बघायला गेलो की आपण लिफ्ट आहे का, डॉक्टर केव्हा येतात, संडास स्वच्छ आहे का, महिन्याला किती घेतात, हे विचारतो. विचारायलाच हवे. पण त्या घरात चांगली जागा कोणाला आणि माळा कोणाला, हे मात्र आपण बघत नाही. झानच्या घरी ही गोष्ट पहिल्याच रात्री ठरून गेली.

मग दुसरी म्हातारी आली. १८४१ साली मोठी जागा घ्यावी लागली, तेव्हा बारा जणी झाल्या होत्या. पुढच्या वर्षी एक जुना मठ विकत घेतला आणि लवकरच संख्या चाळिशीला पोहोचली. यातल्या कित्येक जणी दर्यावर नवरे गमावलेल्या, दारोदार भीक मागून जगणाऱ्या होत्या. त्यांना पुन्हा रस्त्यावर पाठवणे झानला पटेना. कोणाच्या दारी काय मिळते हे तिने त्यांच्याकडूनच विचारून घेतले, टोपली हातात घेतली आणि त्यांच्याऐवजी ती स्वतः मागायला निघाली. चाळिशी उलटलेल्या स्वाभिमानी बाईला हे सोपे गेले नसणार. एकाने चिडून तिच्या तोंडात मारली, तेव्हा हे माझ्यासाठी झाले, आता माझ्या गरिबांसाठी काहीतरी द्या, अशा अर्थाचे ती शांतपणे बोलली, असे सांगतात.

घरात म्हाताऱ्या नुसत्या बसून नसत. ज्यांना जमे त्या लोकर पिंजत, सूत कातत. आपण अजून उपयोगी आहोत, हे माणसाला कळावे लागते. गरीब म्हणजे आपला प्रभूच, हे ती तरुण भगिनींना पुन्हा पुन्हा सांगत असे.

१८४३ च्या डिसेंबरमध्ये भगिनींनी तिला पुन्हा प्रमुख म्हणून निवडले. पण त्यांचे मार्गदर्शक फादर ल पायर यांनी काही दिवसांतच ती निवड रद्द केली आणि एका तरुण भगिनीला त्या जागी बसवले. झानने वाद घातला नाही, टोपली घेऊन ती पुन्हा रस्त्याला लागली. १८४५ साली फ्रेंच अकादमीने तिला तीन हजार फ्रँकचे पारितोषिक दिले. एकदा आँजे शहरातील घरात लोणी नव्हते, तेव्हा तिने रिकामी भांडी संत योसेफच्या पुतळ्यापाशी ठेवायला लावली आणि लवकरच कोणीतरी भरपूर लोणी पाठवले, ही कथा भगिनी आजही सांगतात.

१८५२ साली तिला मातृगृहात परत बोलावण्यात आले. मागायला जाणे बंद, लोकांच्या भेटीगाठी बंद. नॉव्हिस मुलींमध्ये ती सत्तावीस वर्षे राहिली. संस्था आपण सुरू केली असे फादर ल पायर सांगत, आणि झानचा क्रम तिसरा लावला जाई. ज्या म्हातारीजवळ बसून आपण प्रार्थना करतो ती कोण आहे, हे त्या मुलींना ठाऊक नसे. माझ्या मते तिच्यावर हा उघड अन्याय होता. संतांच्या चरित्रात आला म्हणून त्याला गोड म्हणायचे कारण नाही. रोमने १८९० साली त्या फादरांना दूर केले, पण तोवर झानला जाऊन अकरा वर्षे झाली होती.

२९ ऑगस्ट १८७९ रोजी, ८६ व्या वर्षी ती वारली. तेव्हा संस्थेत सुमारे २,४०० भगिनी होत्या. १८८२ साली त्या कलकत्त्याला आल्या. मुंबईत अंधेरीलाही त्यांचे वृद्धांसाठी घर आहे. ‘लिटल सिस्टर्स ऑफ द पुअर’ या नावाने आपण त्यांना ओळखतो. दारिद्र्य, ब्रह्मचर्य आणि आज्ञापालन या तीन व्रतांखेरीज त्या आतिथ्याचे चौथे व्रत घेतात. झानच्या टोपलीची चाल त्यांनी सोडलेली नाही, म्हाताऱ्यांसाठी त्या आजही मागायला जातात.

शेवटच्या वर्षांत झानची दृष्टी जवळजवळ गेली होती. काठी टेकत ती मातृगृहाच्या आवारात फिरे आणि तरुण भगिनी तिचा हात धरून तिला खोलीपर्यंत पोहोचवत.