हवेच्या चाकाचा जनक

खडीच्या आणि कच्च्या रस्त्यांवर धावणारी ग्रॅव्हल बाइक आता शहरी सायकलप्रेमींच्या परिचयाची झाली आहे. अलीकडे तिच्या पुढच्या चिमट्यात सस्पेन्शनही मिळू लागले आहे. ते घेण्यासाठी जादा पैसे मोजावेत काय, हा प्रश्न खरेदीच्या वेळी हमखास पडतो. या प्रश्नाचे मूळ सुमारे १४० वर्षे मागे, बेलफास्टमधील एका पशुवैद्याच्या अंगणात सापडते. त्या पशुवैद्याचे नाव जॉन बॉइड डनलॉप.

५ फेब्रुवारी १८४० रोजी स्कॉटलंडमधील ड्रेगहॉर्न गावी एका शेतकरी कुटुंबात डनलॉप यांचा जन्म झाला. एडिंबरोत पशुवैद्यकाचे शिक्षण घेऊन त्यांनी काही वर्षे तेथेच व्यवसाय केला. १८६७ मध्ये ते आयर्लंडमध्ये बेलफास्टला स्थायिक झाले आणि तेथे त्यांचा चांगला जम बसला. यंत्रशास्त्राचे औपचारिक शिक्षण त्यांनी घेतलेले नव्हते. मात्र रबराच्या वस्तू हाताळण्याचा सराव त्यांना होता.

त्या काळी सायकलच्या चाकांवर भरीव रबराची धाव असे. दगडी फरसबंदीवरून जाताना स्वाराची हाडे खिळखिळी होत. यावर उपाय म्हणून सायकलच्या सांगाड्यातच स्प्रिंग बसवण्याचे प्रयत्न सुरू होते. १८८५ मध्ये इंग्लंडमध्ये निघालेली व्हिपेट ही अशीच स्प्रिंगची सायकल होती. डनलॉप यांनी मात्र सांगाड्याऐवजी जेथे धक्का बसतो त्या जागेकडे, म्हणजे चाकाच्या कडेकडे लक्ष दिले.

१८८७ च्या अखेरीस आपल्या लहान मुलाच्या तीनचाकी सायकलवर त्यांनी प्रयोग आरंभला. रबराच्या पातळ पत्र्याची नळी करून ती लाकडी चकतीभोवती कापडाने आवळली आणि तीत हवा भरली. ही चकती व सायकलचे भरीव रबराचे चाक त्यांनी अंगणात घरंगळत सोडले, तेव्हा हवेचे चाक बरेच पुढे गेले. मूळ हेतू हादरे कमी करण्याचा होता. वेग वाढतो हे ध्यानात आले ते असे. जुलै १८८८ मध्ये त्यांनी पेटंटसाठी अर्ज केला व त्याच वर्षी डिसेंबरमध्ये ते मंजूर झाले.

१८ मे १८८९ रोजी बेलफास्टच्या मैदानावर विल्यम ह्यूम हा स्पर्धक हे जाडजूड टायर लावून उतरला आणि त्याने शर्यती जिंकल्या. पराभूतांमध्ये डब्लिनचे व्यापारी हार्वे डू क्रॉस यांचे पुत्र होते. डू क्रॉस यांनी संधी ओळखून त्याच वर्षी कंपनी उभारली. डनलॉप यांनी थोडी रोख रक्कम आणि काही समभाग घेऊन पेटंटचे हक्क कंपनीला दिले.

पुढच्याच वर्षी आघात झाला. रॉबर्ट विल्यम थॉमसन या दुसऱ्या स्कॉटिश माणसाने १८४५ मध्येच हवेच्या चाकाचे पेटंट घेतले होते, हे उघड झाले. डनलॉप यांना त्याची कल्पना नव्हती. पण त्यांचे पेटंट टिकले नाही. चार्ल्स वेल्च यांच्या काढ-घाल करता येणाऱ्या टायरचे पेटंट विकत घेऊन कंपनी तगली. पहिला टायर चाकाला चिकटवलेला असल्याने पंक्चर काढणे हे मोठेच काम होते. वेल्च यांच्या सुधारणेमुळे ते सामान्य माणसाच्या आवाक्यात आले.

१८९५ मध्ये डनलॉप कंपनीतून बाहेर पडले. पुढल्याच वर्षी ती ३० लाख पौंडांना विकली गेली. या वैभवात त्यांचा वाटा नव्हता. नाव मात्र कंपनीचे झाले होते, आणि दाढीधारी चेहराही. जाहिरातींत आपल्याला उंच टोपी व छडी घेतलेला छानछोकी म्हणून रंगवले जाते, हे या साध्या राहणीच्या गृहस्थाला सोसवेना. अखेरच्या वर्षांत त्यांनी स्वतःचेच नाव धारण करणाऱ्या कंपनीविरुद्ध दावा गुदरला. २३ ऑक्टोबर १९२१ रोजी डब्लिन येथे त्यांचे निधन झाले.

हवेचा टायर आला आणि व्हिपेटसारख्या स्प्रिंगच्या सायकली मागे पडल्या. ग्रॅव्हल बाइक घेणाऱ्याने हा क्रम विसरू नये. ४० मिलिमीटर वा त्याहून रुंद टायर आणि वजनाला साजेशी कमी हवा एवढ्याने बहुतेक कच्चे रस्ते सुसह्य होतात. ३० ते ४० मिलिमीटर दबणारे सस्पेन्शन मनगटांचा ताण आणखी हलका करते, पण वजन, किंमत आणि देखभाल वाढवते. प्रत्येक फेरीनंतर त्याच्या चकचकीत नळ्या पुसाव्या लागतात. ठरावीक तासांनी तेल व सील बदलावे लागतात. ट्यूबलेस टायरमधील द्रवही काही महिन्यांत सुकतो, तो पुन्हा भरावा लागतो. रोज खडबडीत वाटेने जाणाऱ्याला हा खर्च परवडेल. अधूनमधून जाणाऱ्याने आधी टायर बदलून पाहावा. गंमत अशी की, या नव्या सस्पेन्शनपैकी बहुतेकांत स्प्रिंगचे काम करते ती हवाच. डनलॉप यांना पेटंट लाभले नाही आणि संपत्तीही फारशी लाभली नाही. पण धक्का सोसायला हवेसारखे दुसरे काही नाही, हे त्यांनी जगाला पटवून दिले.