कुलूप नसलेली तेलघाणी

लंडनमध्ये अकाउंटन्सी, न्यूयॉर्कमध्ये अर्थशास्त्र आणि मग मुक्काम वर्ध्याच्या मगनवाडीत! ओपन सोर्स हा शब्द जन्मायच्या कितीतरी आधी जे. सी. कुमारप्पा एकच प्रश्न विचारत होते : अवजार तुमच्या हातात आहे खरं, पण त्याची चावी कुणाकडे?

नवा लॅपटॉप घेतला की दोन-चार दिवसांत प्रश्न येतोच, सॉफ्टवेअरचं काय? ओरिजिनल परवडत नाही, मग कुणाकडून तरी क्रॅक आणायचं. किंवा दर महिन्याला सबस्क्रिप्शन भरत राहायचं. फाइल आपली, मेहनत आपली, पण पैसे थांबले की आपलीच फाइल उघडायची पंचाईत. आत काय चाललंय ते बघता येत नाही, बदलता येत नाही, मित्राला द्यायचं तर तो गुन्हा.

हा प्रश्न कम्प्युटरबरोबर आला असं वाटतं ना? तो त्याहून जुना आहे. आणि त्यावर सगळ्यात जास्त डोकं खपवणाऱ्यांपैकी एक माणूस आपल्या वर्ध्यातच राहायचा.

सुटाबुटातला कॉर्नेलियस

जोसेफ चेल्लादुराई कॉर्नेलियस. जन्म ४ जानेवारी १८९२, तंजावर. सुशिक्षित ख्रिस्ती कुटुंब. लंडनमध्ये अकाउंटन्सी शिकून पठ्ठ्यानं मुंबईत ऑडिटची फर्म काढली. धंदा जोरात. मग अमेरिकेत जाऊन आधी सिराक्यूज आणि नंतर कोलंबिया विद्यापीठात शिक्षण. तिथं विषय घेतला सरकारी जमाखर्चाचा आणि भारताच्या गरिबीचा. ब्रिटिश सरकारचे आकडे तपासता तपासता या ऑडिटरला गडबड दिसायला लागली. देश गरीब का, याचं उत्तर त्याला सरकारच्याच वह्यांमध्ये सापडलं.

हा अभ्यास छापावा म्हणून मे १९२९ मध्ये ते साबरमतीला गांधीजींना भेटले. अभ्यास 'यंग इंडिया'मध्ये क्रमशः छापून आला. आणि लेखक? तो परत धंद्याकडे गेलाच नाही. कॉर्नेलियस हे आडनाव मागं पडलं, कुमारप्पा हे नाव आलं, सुटाच्या जागी खादी आली. त्यानंतर तुरुंगाच्या वाऱ्याही सुरू झाल्या.

हिशेबाचा कडकपणा मात्र तोच. १९३४ च्या बिहार भूकंपानंतर मदतनिधीचे हिशेब त्यांच्याकडे होते. हा पैसा भूकंपग्रस्तांचा, त्यातून गांधीजींचा आणि त्यांच्या मंडळींचा खर्च निघणार नाही, असं त्यांनी सांगून टाकलं होतं म्हणतात.

लाख रुपयांची अट

त्याच १९२९ साली अखिल भारतीय चरखा संघानं एक स्पर्धा जाहीर केली. चांगला चरखा बनवा आणि एक लाख रुपये जिंका. तेव्हाचे एक लाख, म्हणजे विचार करा! किंमत दीडशे रुपयांच्या आत हवी, झोपडीत चालवता यायला हवा, नीट देखभाल केली तर वीस वर्षं टिकायला हवा, दुरुस्तीचा खर्च थोडाच हवा.

पण खरी गंमत पेटंटच्या अटीत होती. संशोधकानं स्वतःच्या खर्चानं पेटंट घेतलं तरी चालेल. मात्र बक्षीस हवं असेल तर पेटंटचे हक्क संघाच्या हवाली करायचे. संशोधकाला त्याच्या डोक्याचे पैसे पुरेपूर द्यायचे, पण शोध एकट्याच्या तिजोरीत अडकू द्यायचा नाही. किर्लोस्करवाडीच्या काळे यांचं यंत्र बरंच जवळ पोचलं होतं, पण सगळ्या अटी पूर्ण झाल्या नाहीत. बक्षीस कुणालाच मिळालं नाही. विचार मात्र राहिला.

मगनवाडीची लॅब

डिसेंबर १९३४ मध्ये वर्ध्यात अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला आणि कुमारप्पा त्याचे सचिव झाले. जमनालाल बजाज यांनी आपली बाग संघाला दिली. चरख्याच्या तंत्रात आयुष्य घातलेल्या मगनलाल गांधींच्या नावावरून तिचं नाव पडलं मगनवाडी.

आजच्या भाषेत ती एक लॅबच होती. झवेरभाई पटेल यांनी तेलघाणीवर काम केलं आणि जास्त तेल देणारी सुधारित घाणी तयार झाली. 'वर्धा घाणी' म्हणूनच ती ओळखली गेली. हातकागद, मधमाश्या, साबण, भातसडीची साधनं, सगळ्यावर प्रयोग. आणि जे जमलं ते लपवायचं नाही. पुस्तिका काढायच्या, 'ग्राम उद्योग पत्रिका' चालवायची, ठिकठिकाणच्या कार्यकर्त्यांना बोलावून शिकवायचं आणि परत आपल्या गावी पाठवायचं. ३० डिसेंबर १९३८ ला गांधीजींच्या हस्ते मगन संग्रहालय उघडलं. जुनी अवजारं नुसती काचेआड ठेवण्यासाठी ते नव्हतं. लोकांनी बघावं, शिकावं आणि आपल्या घरी करावं यासाठी होतं.

एकच उदाहरण घ्या. तेव्हा खेड्यात दिवा लावायचा तर रॉकेल लागायचं, आणि ते विकायच्या बर्मा-शेलसारख्या मोजक्या बड्या कंपन्या. कंदील तुमचा, पण उजेड त्यांच्या हातात. मगनवाडीनं वनस्पती तेलावर जळणारा 'मगन दीप' बनवला. तेल आपल्या शिवारातलं, गाळणारा आपल्याच गावातला तेली. भाव परवडला नाही तर त्याच्याशी भांडता तरी येतं. बर्मा-शेलशी कसं भांडणार?

कुमारप्पांचा मुद्दा यंत्राच्या विरोधात नव्हता. साधन बनवणारा आणि वापरणारा यांच्यातलं अंतर जितकं वाढतं, तितकी सत्ता एका टोकाला गोळा होते, हा त्यांचा मुद्दा होता. तुरुंगात लिहिलेल्या 'इकॉनॉमी ऑफ पर्मनन्स' या पुस्तकात त्यांनी तो सविस्तर मांडला. गांधीजींनी त्यांना ग्रामोद्योगाचे डॉक्टर म्हटलं, ते उगाच नाही.

मग हरले का?

स्वातंत्र्यानंतर देशानं मोठ्या कारखान्यांचा रस्ता धरला. काँग्रेसच्या कृषी सुधारणा समितीचे अध्यक्ष म्हणून कुमारप्पांनी १९४९ मध्ये अहवाल दिला, पण नव्या नियोजनाशी त्यांचं कधीच जमलं नाही. ते वर्ध्याजवळ सेलडोहला 'पन्नई आश्रम' काढून शेतीत रमले. पुढं तब्येत ढासळली आणि ते तमिळनाडूत परतले. ३० जानेवारी १९६० ला, गांधीजींच्या स्मृतिदिनीच, मदुराईत त्यांचं निधन झालं.

वर्धा घाणी सगळ्यांसाठी खुली होती, तरी बाजार गिरणीच्या तेलानंच जिंकला. हे कडू सत्य लपवण्यात अर्थ नाही. ज्ञान नुसतं मोकळं सोडून भागत नाही. ते वापरणारे, दुरुस्त करणारे आणि पुढच्याला शिकवणारे लोक लागतात.

१९८३ मध्ये अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन यांनी ग्नू प्रकल्प जाहीर केला, १९९१ मध्ये लिनक्स आलं. प्रोग्रॅम वापरा, आतून बघा, बदला, वाटा. या वेळी वापरणारे आणि दुरुस्त करणारे जगभरातून मिळाले, आणि गाडी पुढं गेली. आज तुमच्या हातातला अँड्रॉइड फोनही लिनक्सवरच चालतो. कुमारप्पांनी कम्प्युटर वापरला नव्हता, पण हा हिशेब त्यांना लगेच कळला असता.

आणि क्रॅकबद्दल त्यांनी काय म्हटलं असतं? अंदाज करता येतो. चोरलेली कॉपी फुकट असते, मोकळी नसते. तिच्यामुळं सवय त्याच कंपनीची लागते, आणि उद्या नोकरीत बिल भरावंच लागतं. त्यापेक्षा लिबर ऑफिस टाका, जीआयएमपी शिका, मराठी भाषांतरात काही चुकलं असेल तर दुरुस्त करून पाठवा. मगनवाडी चालायची ती अशाच लोकांच्या जिवावर.