केशवसुत : छायाचित्र नसलेले कवी

शाळेच्या स्नेहसंमेलनात ‘तुतारी’ ही कविता मी ठणठणीत आवाजात म्हटली आणि बक्षीस मिळवले. दांडिया बाजारातील आमच्या घरी त्या दिवशी माझे मोठे कौतुक झाले. मागील दारी झाडलोट करणाऱ्या बाईसाठी पायरीखाली एक कानतुटकी कपबशी वेगळी ठेवलेली असे. त्या दिवशीही ती तिथेच होती. पण माझे तिकडे लक्ष गेले नाही. पुष्कळ वर्षांनी केशवसुतांचे चरित्र वाचताना ती कपबशी मला आठवली.

कृष्णाजी केशव दामले यांचा जन्म १८६६ साली रत्नागिरी जिल्ह्यातील मालगुंड येथे झाला. वडील शाळामास्तर, संसार मोठा आणि मिळकत बेताची. मुलाचे लग्न लहानपणीच उरकले; शिक्षणाची मात्र परवड झाली. त्या भटकंतीत ते काही काळ आपल्या बडोद्यासही शिकायला होते. आम्हां बडोदेकरांना याचा अभिमान वाटावा. पण आपल्या गावात त्यांची आठवण कितीजण काढतात? पुढे वर्धा आणि नागपूर झाले. नागपुरास ना. वा. टिळकांशी स्नेह जुळला. पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमधून मॅट्रिक होईपर्यंत वयाची तेविशी आली होती.

नंतर मुंबईत तुटपुंज्या पगाराच्या नोकऱ्या केल्या. १८९६ साली तेथे प्लेग आला आणि त्यांना मुंबई सोडावी लागली. बेळगाव जिल्ह्यातील खानापूर, खानदेशातील भडगाव व फैजपूर आणि १९०४ पासून धारवाड, अशा ठिकाणी मास्तरकी करीत त्यांचे आयुष्य गेले. स्वभाव एकलकोंडा. त्यांचे एकही छायाचित्र आज उपलब्ध नाही.

पण याच मास्तराने मराठी कवितेचा मोहरा फिरवला. त्यापूर्वी कवीने देवाचे, पुराणातील राजांचे किंवा शृंगाराचे गावे, अशी रूढी होती. केशवसुतांनी वर्ड्‌स्वर्थ, शेले, कीट्स वाचले, आगरकरांच्या सुधारणेचे विचार पचवले आणि स्वतःच्या मनाला व भोवतालच्या माणसाला कवितेत जागा दिली. १८८८ साली त्यांनी अंत्यजाच्या मुलाला पडलेल्या प्रश्नावर कविता लिहिली, पुढच्याच वर्षी उपाशी मजुरावर. ‘तुतारी’ १८९३ सालची. इंग्रजी सॉनेटही त्यांनीच मराठीत आणले. ते त्याला चतुर्दशक म्हणत. सुनीत हे नाव मागाहून रूढ झाले.

त्या काळच्या समाजाने या कवीला काय दिले? कविता मासिकांतून विखुरल्या. हयातीत एकही संग्रह निघाला नाही. १९०५ च्या नोव्हेंबरात ते चुलत्यांच्या भेटीस हुबळीस गेले असता प्लेगने गाठले. वय अवघे एकोणचाळीस. थोड्याच दिवसांत पत्नीही गेली. मुली पोरक्या झाल्या. हरि नारायण आपटे यांनी पुढाकार घेतला तेव्हा कुठे १९१७ साली त्यांची कविता पुस्तकरूपाने आली. जेमतेम एकशेपस्तीस कविता! पण गोविंदाग्रजांसारखे कवी स्वतःला त्यांचे चेले म्हणवू लागले, आणि मराठी कविता पुन्हा जुन्या वाटेवर गेली नाही.

आज मालगुंडला त्यांचे स्मारक आहे, क्रमिक पुस्तकांनी त्यांना घरोघरी पोहोचवले आहे. हे सारे योग्यच झाले. तरीही, नव्या कवितेला समाजात स्थान काय, अशी चर्चा निघाली की मला माझे ते बक्षीस आठवते. कविता आमच्या घरात आली होती, तिचे कौतुकही झाले होते. फक्त ती ज्या मुलाविषयी बोलत होती, त्याच्या आईची कपबशी पायरीखालून उचलून आत घ्यावी, असे घरातल्या एकालाही सुचले नाही. मलाही नाही.