चांदबिबी

अहमदनगरच्या हुसेन निजामशहाची कन्या चांदबिबी ही विजापूरच्या अली आदिलशहाची राणी होती. इ. स. १५८० मध्ये पतीचा खून झाला आणि अल्पवयीन पुतण्याच्या नावाने राज्य सांभाळण्याचे कठीण काम तिच्यावर येऊन पडले. पुढे ती माहेरी परतली. तिचा भाऊ मुर्तजा निजामशहा याने १५७४ साली इमादशाही बुडवून वऱ्हाड प्रांत आपल्या राज्यास जोडला होता. वऱ्हाडातील मूर्तिजापूरचे नाव त्याच्यावरूनच पडले, असे सांगतात.

१५९५ साली अहमदनगरचा तरुण राजा लढाईत पडला. सरदारांत फूट पडली व त्यांपैकी एकाने, मियान मंजूने, अकबर बादशहाचा पुत्र मुराद यास मदतीसाठी बोलाविले. मागाहून त्याला पश्चात्ताप झाला; पण दारात आलेली फौज थोडीच परत जाते! मंजू बाहेरची कुमक आणण्यास निघून गेला. किल्ल्याचा भार चांदबिबीने उचलला.

डिसेंबरात मोगलांचा वेढा पडला. त्यांनी तटाखाली सुरुंग खणले. बातमी फुटताच किल्ल्यातील लोकांनी काही सुरुंग निकामी केले, पण एक उडाला आणि तटास मोठे खिंडार पडले. लोक पळू लागले. तेव्हा अंगात चिलखत, मुखावर बुरखा व हाती नंगी तलवार घेऊन चांदबिबी स्वतः खिंडारात उभी राहिली. संध्याकाळपर्यंत हल्ले परतवले गेले आणि रात्रीतून खिंडार पुन्हा बांधून निघाले. गोळे संपल्यावर तिने तोफांत सोन्यारुप्याची नाणी भरली, ही कथा मात्र लोकांनी कौतुकाने रचलेली दिसते.

विजापूर व गोवळकोंड्याची कुमक जवळ येत होती. मोगल छावणीत धान्याची टंचाई व सेनापतींत बेबनाव होता. इकडे किल्ल्यातील लोकही थकले होते. १५९६ च्या आरंभी तह झाला. बालराजा बहादूर याची गादी राहिली. मोबदल्यात वऱ्हाड मोगलांना द्यावे लागले. ज्या प्रांतासाठी भावाने युद्ध केले, तो बहिणीने स्वहस्ते सोडला. राजधानी राखावयास दुसरे काय देता आले असते?

१६०० साली मोगल पुन्हा आले. बहादुराचे प्राण वाचत असतील तर किल्ला सोडावा, असे यावेळी चांदबिबीस वाटले. हमीदखान नावाच्या सरदाराने ती फितूर झाल्याची आवई उठविली आणि खवळलेल्या जमावाने महालात शिरून तिला ठार केले. ऑगस्टात किल्ला पडला. बहादुरास कैद करून ग्वाल्हेरला नेण्यात आले.