हेलियम खरंच विजयदुर्गावर सापडला का? गोष्ट नॉर्मन लॉकियर यांची

विजयदुर्ग किल्ल्यावर गेलात की ‘साहेबाचे ओटे’ आवर्जून दाखवले जातात. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणात नॉर्मन लॉकियर या इंग्रज साहेबाने इथूनच हेलियम शोधला, असं सांगतात. दर ऑगस्टमध्ये तसे मेसेजही फिरतात.

पण त्या दिवशी लॉकियर विजयदुर्गात नव्हतेच, इंग्लंडमध्ये होते. ते इथे आले हे खरं, पण तब्बल ३० वर्षांनी.

लॉकियर यांचा जन्म १८३६ चा, इंग्लंडमधल्या रग्बी गावचा. नोकरी युद्ध खात्यात कारकुनाची आणि नाद आकाश बघण्याचा. सूर्याच्या कडेवरच्या तप्त वायूंच्या ज्वाळा तेव्हा फक्त ग्रहणातच दिसायच्या. लॉकियर यांनी वेगळा विचार केला. स्पेक्ट्रोस्कोपने उजेड पसरवला तर आकाशाचा झगमगाट फिका पडेल आणि वायूंच्या ठरावीक रंगांच्या रेषा तेवढ्या उठून दिसतील. मनासारखं उपकरण हाती यायला ऑक्टोबर उजाडला. २० ऑक्टोबर १८६८ ला, ग्रहण नसताना, त्यांना त्या रेषा दिसल्या.

तिकडे गुंटूरला ग्रहण बघायला आलेल्या फ्रान्सच्या जान्सेन यांनाही हीच युक्ती ऑगस्टमध्ये सापडली होती. दोघांचे अहवाल पॅरिसच्या अकादमीत एकाच दिवशी पोचले आणि श्रेय दोघांनाही मिळालं.

त्या रेषांमध्ये एक पिवळी रेषा होती. सोडियमच्या जवळची, पण सोडियमची नव्हे. लॉकियर यांचं म्हणणं होतं की हे पृथ्वीवर माहीत नसलेलं मूलद्रव्य आहे. ग्रीक भाषेतल्या सूर्याच्या नावावरून त्याला हेलियम म्हटलं गेलं. पण बऱ्याच शास्त्रज्ञांना ते पटेना. शेवटी २७ वर्षांनी, १८९५ मध्ये, रॅम्झी यांना युरेनियमच्या एका खनिजात हाच वायू मिळाला.

१८९७ मध्ये लॉकियर ‘सर’ झाले आणि पुढच्याच वर्षी विजयदुर्गात उतरले. २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणाचे त्यांनी इथून फोटो घेतले. मदतीला ‘मेल्पोमेनी’ या युद्धनौकेचे खलाशी होते.

त्यांचा आणखी एक विचार वादात सापडला. ताऱ्यांच्या प्रचंड उष्णतेत अणूही फुटतात, असं ते म्हणत. अणू त्यांना वाटला तसा फुटत नाही, पण त्याचे इलेक्ट्रॉन मात्र निसटतात. मेघनाद साहा यांनी १९२० मध्ये हे गणिताने मांडलं. त्याच वर्षी १६ ऑगस्टला लॉकियर वारले.

मग ती पिवळी रेषा येते कुठून? अणूतले इलेक्ट्रॉन ठरावीक पायऱ्यांवरच राहतात. वरच्या पायरीवरून खाली येताना ते ठरावीक रंगाचा प्रकाश देतात. हेलियमकडे इलेक्ट्रॉन दोनच आणि त्यांची खालची पायरी त्या दोघांनीच भरते. म्हणून हेलियम सहसा कुणाशी जुळत नाही.

हाच अलिप्तपणा पुढे कामाला आला. कुठल्याही धातूच्या आतल्या अणूला चहूबाजूंनी शेजारी असतात, पण पृष्ठभागावरच्या अणूची एक बाजू उघडी असते. त्यामुळे तिथले अणू जरा सरकून बसतात आणि इलेक्ट्रॉनची मांडणीही बदलते. किनाऱ्यावरच्या खाऱ्या वाऱ्यात लोखंड गंजू लागतं ते याच थरापासून.

हा थर बघायचा कसा? हेलियमचे संथ अणू त्यावर सोडले की ते आत न शिरता वरच्यावर उसळतात. कुठल्या दिशेला किती उसळले, यावरून खालच्या अणूंची रांग कळते. १९३० मध्ये श्टर्न आणि एस्टरमान यांनी लिथियम फ्लोराइडच्या स्फटिकावर हे करून दाखवलं. हेलियमच्या दिव्याचे अतिनील किरण पृष्ठभागातले इलेक्ट्रॉन बाहेर काढतात. त्यांच्या वेगावरून ते कुठल्या पायरीवर होते ते समजतं.

थोडक्यात, ज्या वायूवर लोकांचा विश्वास बसत नव्हता, तोच आज धातूंचा चेहरा वाचायला वापरला जातो. आता ‘साहेबाचे ओटे’ बघताना लॉकियर जरूर आठवा. फक्त साल १८९८ लक्षात ठेवा.